बाळकृष्णाचा बटवा

वनमालाबाईंचा बाळकृष्ण सकाळी सहाला उठतो. अडतीस वर्षांपूर्वी तो त्यांच्याबरोबर माहेराहून सासरी आला, तेव्हापासूनचा हा नेम. अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. त्याला कोमट पाण्याची आंघोळ, चंदनाचा टिळा, तुळशीचं पान आणि साखरेचा नैवेद्य झाल्याशिवाय वनमालाबाई पाण्याचा घोटही घेत नाहीत. चातुर्मासात त्यात आणखी एका नेमाची भर: अंगावर पाणी घेतलं की पूजा होईपर्यंत मौन. एरवी हे मौन फार तर चाळीस मिनिटांचं. तेवढ्यात घरातलं कुणी जागंही होत नाही, त्यामुळे त्या मौनाची अडचण कधी कुणाला व्हायची नाही.

त्या गुरुवारी मात्र सहा वाजले, सव्वासहा वाजले, तरी बाळकृष्ण उठेना. बिचारा उठणार कसा? तो पिवळ्या लोकरीच्या एका बटव्यात निजला होता आणि बटवा उघडत नव्हता.

बटव्याची गरज पडली ती प्रवासामुळे. वनमालाबाई कुठेही राहायला गेल्या की देव बरोबर. इतकी वर्षं तो रुमालात गुंडाळून जायचा. पण गेल्या वैशाखात बोरिवलीच्या लग्नात त्यांच्या यजमानांनी, म्हणजे चंद्रप्रकाशरावांनी, मानेचा घाम पुसायला नेमका तोच रुमाल उचलला आणि देव कॉलरीतून थेट सदऱ्यात गेला. ऐन मुहूर्ताला सगळे वधूवरांवर अक्षता टाकत होते आणि चंद्रप्रकाशराव स्वतःच्या पोटावर काहीतरी चाचपडत होते. वरमाईने ते पाहिलं. व्हिडिओवाल्यानेही पाहिलं.

आता मुलुंडला लेकीचं, गंधालीचं डोहाळजेवण होतं, चार दिवस राहायचं होतं. तेव्हा सूनबाई श्वेताने मोबाईलवरून एक खोका मागवला. त्यात पितळी रंगाची तीन इंची फ्रेम होती. दोन कमानी बिजागरीने जोडलेल्या, आणि माथ्यावर दोन छोट्या गोळ्या. त्या एकमेकींना घासून गेल्या की ‘टक्’ आवाज होऊन बटवा बंद, उलट दाबल्या की उघडा. शिवाय गोंदाची एक ट्यूब आणि बारीक अक्षरांचा एक कागद. लोकर आणि सुया वनमालाबाईंच्या घरच्याच.

पहिला बटवा विणला त्यात नारळ मावला असता. दुसरा देवाला बरोबर बसला, पण त्याचं तोंड फ्रेमपेक्षा लहान. तिसऱ्यात वनमालाबाईंनी कमानीवर लोकर ठेवून टाके मोजले, पण मधेच रामरक्षा म्हणायला लागल्या आणि मोजणी चुकली. असं उसवत, विणत अकराव्या दिवशी चौथा बटवा सुईवरून उतरला. पीतांबराच्या रंगाचा, तोंडाशी बरोबर कमानीएवढा. कमानीच्या आतून एक खाच असते, तिच्यात गोंद भरायचा आणि विणलेली कड बोथट सुईने आत दाबून बसवायची, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची रश्मी आली. रश्मीला सगळ्यातलं अर्धं ठाऊक असतं.

“काकू, देवाच्या वस्तूला हा गोंद? कशाचा बनवतात माहितीय? हाडांचा!”

“अगं बाई! खरंच?” वनमालाबाईंचा हात मागे आला.

“मग! मी वाचलंय ना कुठेतरी.”

रश्मी गेल्यावर ट्यूब तशीच्या तशी कचऱ्याच्या डब्यात गेली. पण वनमालाबाईंचे सासरे गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होते आणि सुनेला त्यांनी एक विद्या देऊन ठेवली होती. वनमालाबाईंनी मूठभर साबुदाणा शिजवला, घोटला, गाळला आणि त्याची घट्ट खळ खाचेत भरली. म्हणजे गोंदही उपासाचाच झाला. संध्याकाळी बटवा इतका देखणा दिसायला लागला की त्यांना राहवेना. शेजारतीनंतर देवाला त्यात नुसतं ठेवून पाहिलं. तो असा काही अलगद पहुडला, जणू आईच्या कुशीत. त्याला परत काढायला त्यांचं मन होईना. त्यांनी हलकेच ‘टक्’ केलं.

खळ अजून ओली होती. ती ओघळून बिजागरीत गेली, गोळ्यांच्या मधे गेली, आणि रात्रभर पंख्याच्या वाऱ्यावर तिचा दगड झाला.

वनमालाबाईंनी आधी बोटांनी पाहिलं, मग पदरात धरून पाहिलं. मग त्यांना आठवलं, साबुदाण्याची खळ काय, गरम पाण्यात सुटते. त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं आणि गॅस लावला. त्या क्षणी चंद्रप्रकाशराव जांभई देत स्वयंपाकघरात आले.

“अगो, काय झाला? साडेसहा होऊन गेले, घंटा नाय ऐकली आज.”

वनमालाबाईंनी बटवा दाखवला. उघडत नाही, अशी खूण केली.

“एवढाच ना? माका दी.”

त्यांनी दोन अंगठ्यांनी जोर लावला. मग दोन्ही गुडघ्यांत धरून लावला. मग पक्कड आणली. पकडीने डाव्या गोळीवर चार चरे पडले, बटवा होता तसाच राहिला.

“हात् मेल्या, ह्यो तर दगड झालो!” ते ओरडले. त्या ओरडण्याने मुलगा नितेश आणि श्वेता दोघंही उठून आले.

नितेश एका कंपनीत दर्जा तपासणीच्या कामाला आहे. कुठल्याही वस्तूबरोबर आलेला कागद तो आधी वाचतो. त्याने खोका शोधला, कागद काढला आणि दिव्याखाली धरला.

“आई, ट्यूब कुठाय?”

वनमालाबाईंनी कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. डबा साडेसहाच्या गाडीबरोबरच रिकामा झाला होता.

“म्हणजे संपली! अगं, अख्खी ट्यूब लावलीस?”

वनमालाबाईंनी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं.

“मग उरलेली फेकलीस?”

हे एका अर्थी खरं होतं. खोटं तर त्यांच्याने मानेनेही बोलवेना. त्या घोटाळल्या. नितेशने मान डोलावली, “कळलं,” आणि पुढे वाचायला लागला. वनमालाबाईंनी पातेलं उतरवलं, वाफाळतं पाणी वाडग्यात ओतलं आणि बटव्याकडे हात नेला.

“आई, थांब!” नितेश एवढ्या मोठ्याने ओरडला की चंद्रप्रकाशरावांच्या हातातली पक्कड पडली. “पाणी नको! इथे लिहिलंय बघ, ‘पाण्याशी संपर्क आल्यास गोंद कायमचा घट्ट होतो.’ कायमचा! एक थेंब लागला तर देव जन्मभर आत!”

“अरे देवा,” श्वेताने झटक्यात वाडगं उचलून मोरीत ओतलं. “वाट लागली असती!”

नितेशने बटवा स्वतःच्या पँटच्या खिशात टाकला. “आता हा माझ्याकडे. बाथरूममध्ये जाताना पण नाही देणार कुणाला.”

वनमालाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. देवाला पँटच्या खिशात त्यांनी अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं सुटलं असतं. पण बोलायचं तर आधी पूजा व्हायला हवी, पूजा व्हायची तर बटवा उघडायला हवा, आणि बटवा उघडायचा तर बोलायला हवं. घेतला वसा असा अर्ध्यात टाकायचा नसतो. त्यांनी डोळे मिटले, मनात नाम घेतलं आणि हातांनी बोलायला सुरुवात केली.

“आई, लिहून द्या ना,” श्वेताने पेन पुढे केलं. वनमालाबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

श्वेता गोरीमोरी झाली. गेल्या चातुर्मासात वनमालाबाई मौनात असताना फोनवर सगळ्यांना सुप्रभात पाठवायच्या, तेव्हा तीच म्हणाली होती, “आई, हे मौन नाही, हे तर म्यूट आहे!” सगळे हसले होते. वनमालाबाईही हसल्या होत्या. पण यंदा नेम घेताना त्यांनी लिहिणंही वर्ज्य केलं होतं.

“आई, मी गंमत केली होती हो,” श्वेता म्हणाली. “लिहा, चालतं. देवाला काय कळतंय!”

हे शेवटचं वाक्य नको होतं. वनमालाबाईंनी हात आणखी मागे नेले.

मग त्यांना एक युक्ती सुचली. त्या फडताळाकडे गेल्या आणि साबुदाण्याची बरणी काढून सगळ्यांसमोर धरली. बरणीकडे बोट, मग नितेशच्या खिशाकडे बोट. पुन्हा बरणी, पुन्हा खिसा.

चंद्रप्रकाशरावांचे डोळे भरून आले. “अरे, भूक लागली तिका.”

“आई, खिचडी हवी तुम्हाला?” श्वेताने बरणी घेतली. “लगेच भिजत घालते. देव निघाला की खायचं हं!”

वनमालाबाईंनी कपाळावर हात मारला.

“बघ, चक्करपण येतेय,” चंद्रप्रकाशराव म्हणाले.

साडेआठला रश्मी आली. खालचा आरडाओरडा ऐकून, काकूंनी शेवटी तोच गोंद लावला असं धरून, ती काही न विचारता सल्ला घेऊनच आली. “नेलपॉलिश काढायचं लिक्विड लावा. कुठलाही गोंद सुटतो.” ते लावलं. गोंद सुटला नाही, फ्रेमचा पितळी रंग मात्र एका बाजूने सुटला आणि सबंध घराला ब्युटी पार्लरचा वास आला. मग श्वेताला वाटलं, उष्णतेने गोंद मऊ होईल. तिने केस वाळवायचं यंत्र आणून बटव्यावर दहा मिनिटं गरम वारा सोडला. आत जी काही थोडी ओल उरली होती तीही गेली. वनमालाबाई समोर बसून बघत होत्या. आपल्या देवाला पहिल्यांदाच आंघोळीआधी वाळवतात, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्याही स्थितीत त्यांना हसू आलं.

“हसतायत!” रश्मी कुजबुजली. “नितेश, लवकर काहीतरी कर हं. उपाशी माणसाचं डोकं फिरतं.”

“कापूया ना सरळ,” नितेश म्हणाला. “लोकर तर आहे.” त्याने कात्री घेतली.

वनमालाबाई उठल्या. एवढ्या मऊ बाई, पण त्यांनी मुलाकडे असं काही पाहिलं की त्याने कात्री आपणहून टीपॉयवर ठेवली. आत देव निजलेला आणि बाहेरून कात्री? आणि अकरा दिवस, तीन वेळा उसवून केलेला बटवा! त्या गडबडीत त्यांनी बटवा मात्र हिसकावला आणि तडक बाथरूमकडे धावल्या. गीझर चालूच होता. कडी लावणार इतक्यात रश्मीने दारात पाय घातला.

“काकू, आत कोंडून नाही घ्यायचं हं! रडायचं तर इथे आमच्यासमोर रडा.”

तिघांनी मिळून वनमालाबाईंना प्रेमाने सोफ्यावर आणून बसवलं. बटवा परत नितेशच्या खिशात गेला.

गंधालीचा फोन आला. “आई, निघालात का?” वनमालाबाईंनी फोन कानाला लावला आणि नुसता श्वास घेतला.

“आई? आई बोल ना! दादा, आईला काय झालंय?”

“तिला काही नाही झालं,” नितेशने फोन घेतला. “देव अडकलाय.”

“कशात?”

“पर्समध्ये.”

“कुणाच्या पर्समध्ये?”

“त्याच्याच.”

“दादा!” पलीकडून आवाज चढला. सातव्या महिन्यातल्या बहिणीशी आपण नीट बोललो नाही, हे नितेशच्या लक्षात आलं. त्याने पहिल्यापासून सांगितलं, कागदावरच्या मजकुरासकट. गंधाली म्हणाली, “मग जिथून फ्रेम आली त्यांच्याकडेच जा ना! खोक्यावर पत्ता नसतो का?”

खोक्यावर पत्ता होता. साकीनाक्याचा. कागद वाचणाऱ्याने खोका वाचला नव्हता.

साकीनाका मुलुंडच्या वाटेवरच, म्हणून सामानसुमान गाडीत भरून सगळेच निघाले. वनमालाबाईंनी पूजेची पिशवी मांडीवर घेतली. ताम्हण, पळी, चंदन, तुळस, साखरेची डबी. देव सुटल्यावर त्याला एक क्षणही जास्त ताटकळायला नको. “काकू, मी पण येऊ का?” रश्मीने विचारलं. गाडीत जागा होती. नितेशने नाही म्हणून सांगितलं.

कारखाना म्हणजे एका गाळ्याच्या पोटमाळ्यावरची खोली. सगळीकडे फ्रेमच फ्रेम. दोन इंची, सहा इंची, मोती लावलेल्या, हिऱ्यांच्या खड्यांच्या. पण मालक धम्मपाल माल पोचवायला दिंडोशीला गेला होता. तो येईपर्यंत पावणेपाच झाले. चंद्रप्रकाशराव मधे तीनदा खाली जाऊन चहा पिऊन आले आणि प्रत्येक वेळी वर येऊन बायकोला म्हणाले, “तुका चाय होयी काय?” प्रत्येक वेळी वनमालाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “विसारलंय गे,” आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

धम्मपाल चाळिशीचा, हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा. नितेशने त्याच्यापुढे बटवा ठेवला आणि अर्ध्या वाक्यात तक्रार, अर्ध्या वाक्यात विनवणी केली. आत काय आहे तेही सांगितलं.

“म्हणजे मावशींनी सकाळपासून काहीच खाल्लं नाही?” धम्मपालने आधी एवढंच विचारलं.

“पाणीसुद्धा नाही.”

धम्मपालने बटवा उजेडात धरला. फिरवला. नखाने बिजागरी खरवडली.

“गोंद कुठला लावला?”

“तुमचाच. खोक्यातला. ट्यूबमधला.”

“आमचा नाही हा.”

“अहो, तुमचाच! हा बघा तुमचा कागद.”

“कागद आमचा आहे, सर. गोंद आमचा नाही. आमचा सुकला की काचेसारखा दिसतो. हे बघा, पांढरं, पापुद्रे निघतायत.” त्याने नखावरचा पापुद्रा उचलला आणि सरळ जिभेवर ठेवला. दोन क्षण चघळला. “साबुदाणा.”

वनमालाबाईंनी इतक्या जोरात होकाराची मान हलवली की अंबाड्यातली पिन निसटली.

“माझी आई जालन्याला शाळेच्या बाईंच्या साड्यांना ही खळ लावायची,” धम्मपाल म्हणाला. “परकराला लावली तर परकर जमिनीवर एकटा उभा राहायचा.”

श्वेताला बरणी आठवली. बरणीकडे बोट, खिशाकडे बोट. तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं. नितेशने कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली.

“माझ्या बापाशीन तीस वर्सां हीच खळ शिजयली,” चंद्रप्रकाशराव हळू आवाजात म्हणाले. “आणि माका ओळखूक नाय ईली.”

“मग आता?” श्वेताने विचारलं.

“आता काय, गरम पाणी.” धम्मपाल कोपऱ्यातल्या किटलीकडे वळला. “दहा मिनिटांचं काम.”

वनमालाबाईंनी दोन्ही हात आकाशाकडे केले आणि नितेशकडे पाहिलं. नितेश खिडकीतून मेट्रोकडे बघत होता.

त्यांनी पिशवीतून ताम्हण काढलं, काम करायच्या टेबलावर एक कोपरा पदराने पुसून तिथे ठेवलं आणि बटवा ताम्हणात निजवला. धम्मपाल वाफाळती किटली घेऊन आला. वनमालाबाईंनी पळी त्याच्यापुढे धरली. बिजागरीची त्याला माहिती, पाणी नेमकं कुठे पडायला हवं ते त्यालाच कळणार.

धम्मपालने पळी घेतली नाही. तो जरा अवघडला.

“मावशी, एक सांगू? राग नका मानू. मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. माझ्या आजोबांनी नागपूरला घेतल्या, मी स्वतः मोठा झाल्यावर घेतल्या. देवाला आंघोळ घालणं माझ्या हातून व्हायचं नाही. माझं काम फ्रेमचं. फ्रेम मी धरतो, कुठे ओतायचं ते दाखवतो. पाणी तुम्ही घाला. आत कोण आहे, ते तुमचं तुमच्याकडे.”

नितेशला वाटलं, आता आईला वाईट वाटणार. “अहो, एवढं काय त्यात,” तो म्हणायला लागला, “नुसतं पाणीच तर ओतायचं—”

वनमालाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. सकाळपासून घरातल्यांनी त्यांना एक ना एक नेम मोडायला सांगितलं होतं, प्रेमानेच, पण सांगितलं होतं. आणि हा समोरचा माणूस गिऱ्हाईक दारात असताना, कुणी काही न विचारता, स्वतःचा नेम सांगत होता. त्यांनी पळी मागे घेतली, धम्मपालला दोन्ही हात जोडले आणि स्वतःच पाणी घ्यायला लागल्या.

“इथे, बिजागरीवर. सावकाश. आता गोळ्यांच्या मधे. थांबा, मुरू द्या.” धम्मपाल बोटांच्या टोकांनी फ्रेम तिरपी करायचा आणि वनमालाबाई ओठ न हलवता मनात पुरुषसूक्त म्हणत पळी वाकडी करायच्या. एकाचं काम आणि एकाची पूजा एकाच ताम्हणात शेजारी शेजारी चालली होती आणि कुणाचाच कुणाला धक्का लागत नव्हता. पाणी हळूहळू दुधाळ झालं. सातव्या पळीला बिजागरी किंचित हलली. नवव्या पळीला धम्मपालने दोन अंगठे गोळ्यांवर ठेवले.

“दाबू?”

वनमालाबाईंनी डोळे मिटले.

टक्.

बाळकृष्ण लोकरीतून वर बघत होता. लोण्याचा गोळा हातात शाबूत. अंगाला थोडा साबुदाणा लागला होता, पण चेहऱ्यावर काही घडल्याची खूण नव्हती.

चंद्रप्रकाशरावांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. श्वेता टाळ्या वाजवायला गेली आणि मधेच थांबून तिने हात जोडले. वनमालाबाईंनी देवाला उचललं, स्वच्छ पाण्याने पुन्हा एकदा न्हाऊ घातलं, पुसलं, टिळा लावला, तुळस वाहिली. सहा इंची फ्रेमचा एक खोका उलटा घालून त्याचा चौरंग केला. तेवढ्या वेळात धम्मपालने बटव्याची कड पुन्हा खाचेत बसवली. पण या वेळी गोंद नाही, खळ नाही. त्याने कागदाची पिळलेली बारीक दोरी खाचेत ठासली आणि फ्रेमची टोकं पकडीने हलकेच दाबली. “आता पाण्यात टाका नाहीतर उन्हात, काही होणार नाही,” तो म्हणाला. “आमच्या कागदावर ही पद्धत पण लिहिलीय. मागच्या बाजूला.”

नितेशने खिशातला कागद काढला, उलटून पाहिला आणि परत खिशात ठेवला.

साखरेचा नैवेद्य झाला. वनमालाबाईंनी माथा टेकवला. पूजा संपली. सकाळी सहाला सुरू झालेलं मौन सुटायला पावणेसहा झाले होते. आता त्या काय म्हणतात म्हणून सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. श्वेताने मनातल्या मनात माफी मागायची तयारी केली. चंद्रप्रकाशराव उगाचच खाकरले.

वनमालाबाईंनी आपल्या डबीतली साखर, नैवेद्याची नव्हे, न दाखवलेली, चिमूटभर घेतली आणि धम्मपालच्या तळहातावर ठेवली. घसा कोरडा पडला होता. आवाज नेहमीपेक्षाही हळू आला.

“हा प्रसाद नाही हं बाळा. नुसती साखर आहे. तोंड गोड कर.”

धम्मपालने साखर तोंडात टाकली आणि हसला. “मावशी, दिवसभर गप्प राहिलात आणि पहिलं बोलणं माझ्याशी?”

“हो ना,” नितेश जरा फुरंगटून म्हणाला. “आणि मला काहीच नाही का, आई? मी सकाळपासून धावतोय तुझ्यासाठी.”

वनमालाबाईंनी देवाला बटव्यात ठेवलं. मग पाण्याचा पहिला घोट घेतला, सावकाश, आणि लेकाकडे अगदी मायेने पाहिलं.

“तुझ्याशी बोलायला मुलुंडपर्यंतचा रस्ता आहे, राजा.”

खाली गाडीत बसल्यावर नितेशने मोबाईलवर रस्ता पाहिला. संध्याकाळी सहाची वेळ. सगळं लालच लाल होतं. मुलुंड, एक तास चाळीस मिनिटं.